खांबाची बाटली

रंग कालवायच्या हॉलमधून लघवीला जाऊन यायचं म्हणजे परगावी जाऊन येण्यासारखंच होतं. आधी वरचे हातमोजे काढा, मग आतले काढा, मग तोंडावरचा मुखवटा, डोक्यावरचं टोपडं, पायातले गमबूट, मग तो गळ्यापासून घोट्यापर्यंतचा पांढरा डगला. मग अंगावर पाणी घ्या. मग कोरडे कपडे चढवून लांबलचक बोळातून टोकाच्या संडासापर्यंत चाला. परत येताना पुन्हा सगळं उलट्या बाजूनं, आणि डगला मात्र नवा. ज्यानं हा नियम केला तो काही वेडा नव्हता. रंगाची पावडर माणसाच्या अंगाला चिकटून बाहेर जाऊ नये, घरी पोराबाळांपर्यंत पोचू नये, म्हणून केला होता. पण नियम करणारा माणूस स्वतः लघवी दाबून त्या हॉलमध्ये कधी उभा राहत नाही, आणि सगळी गोम तिथेच असते.

मग व्हायचं ते झालं. लोकांनी जायचंच सोडलं. सकाळी घरून निघताना घोटभर चहा, त्यावर पाणी नाही, आणि शिफ्ट संपेपर्यंत उभं राहायचं. आधी ती अडचण होती, मग सवय झाली, आणि पुढे चक्क तिचा मान झाला. "आमच्या हॉलमध्ये कोणी मध्येच उठत नाही," असं मुकादम छाती काढून सांगायचे. मुकादम म्हणजे हॉलचे प्रमुख. कामाला वाघ, बोलायला कमी, आणि मध्येच निघालेल्या माणसाकडे असं बघायचे की बिचाऱ्याची लागलेली लघवी जागच्या जागी जिरावी.

या मानाचा पहिला मानकरी होता खांब. खरं नाव हजेरीच्या कागदावर असेल तेवढंच, बाकी सगळ्या कारखान्याला तो खांब म्हणूनच ठाऊक. मोठ्या टाकीपाशी पावडर ओतून ढवळायचं काम त्याचं. एकदा टाकीपाशी उभा राहिला की भोंगा होईपर्यंत हलायचा नाही. नव्या पोरांना त्याच्याकडे बोट दाखवून सांगत, "असं उभं राहायचं!"

आणि या सगळ्याला गालबोट लावायला होते नळकाका. हॉलमधले सगळ्यात जुने, साखरेचा आजार असलेले, पाण्याची बाटली बगलेत धरून हिंडणारे. शिफ्टमध्ये चारचारदा उठायचे. ते उठले की एकजण ओरडायचा, "नळ सुटला रे!" आणि सगळा हॉल मुखवट्यांच्या आत हसायचा. नळकाकाही हसायचे. "अरे, नळ आहे तो सोडायलाच आहे ना!" म्हणत डगल्याची बटणं काढायला लागायचे. मुकादमांनी त्यांना दाराजवळचं काम देऊन टाकलं होतं, निदान ये-जा डोळ्यांपुढून तरी नको. बाकी तब्येत म्हणाल तर काका ठणठणीत. कोणी पावडरीबद्दल कुरकुर केली की हॉलकडे एकच उत्तर असायचं: "नळकाकांना एवढ्या वर्षांत काही झालं नाही, तर तुला काय होतंय?"

या खांबाची थोरली बहीण कारखान्याच्या दवाखान्यात नर्स होती. सगळा कारखाना तिला सिस्टर म्हणायचा, कारखान्यात असताना भाऊसुद्धा. घरी मात्र ताई. आई लवकर गेली, तेव्हा हिनंच त्याला न्हाऊमाखू घालून वाढवलेलं, त्यामुळे त्याच्यावर ओरडायचा हक्क तिनं कोणालाच दिला नव्हता, भावजयीलाही नाही. जीभ म्हणजे कात्री. पण भावाचं नाव निघालं की तीच जीभ साखरेत घोळायची. "आमचा खांब बघा, एक दिवस कधी मध्येच उठला नाही," असं तिनंही कितीजणांना ऐकवलं असेल, मोजदाद नाही.

दवाखान्यात आधी एक म्हातारे डॉक्टर होते. ते छातीला नळी लावायचे, हूं म्हणायचे आणि सही करायचे. ते गेले आणि त्यांच्या जागी आल्या डॉक्टरबाई. चणीनं एवढ्याशा, केस कसेतरी गुंडाळलेले, चष्मा डोक्यावर ठेवून टेबलावर शोधायच्या. सिस्टरनं पहिल्याच दिवशी मनात निकाल लावला: हे पोरगं काय टिकायचं इथे!

पोरगं टिकलं, आणि तिसऱ्या आठवड्यात म्हणालं, "सिस्टर, सगळ्या कारखान्याची लघवी तपासायची."

"सगळ्या कारखान्याची?"

"रंग करणाऱ्या कारखान्यात हे आधी व्हायला हवं होतं. चालू करू."

काय ते दिवस, काय सांगावं! बाटल्यांवर नावाच्या पट्ट्या चिकटवून सिस्टरचं बोट सोललं. पुरुषासारखे पुरुष, पण बाटली हातात दिली की नव्या नवरीसारखे लाजायचे. कोणी रुमालात गुंडाळून आणायचा, कोणी जेवणाच्या डब्यात लपवून. एकानं तर विचारलं, "सिस्टर, घरून आणली तर चालेल का? इथे येत नाही." सिस्टर म्हणाली, "येत नाही म्हणजे काय, पाहुणी आहे का ती?"

बाई मात्र हसल्या नाहीत. एकेक बाटली घेऊन तपासायची पट्टी बुडवायच्या, मग थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसायच्या. दुपारचं जेवण तसंच राहायचं. सिस्टरनं दोनदा ताट झाकलं, तिसऱ्यांदा सरळ त्यांच्या हातातली काच काढून घेतली. "आधी जेवा. लघवी कुठे पळून जात नाही." बाईंनी मुकाट्यानं जेवून घेतलं. त्या दिवसापासून सिस्टरला त्या थोड्या आवडायला लागल्या.

निकाल आला तो असा. गोण्या भरायच्या हॉलमध्ये एवढी धूळ उडते, तिथे सगळे स्वच्छ. आणि रंग कालवायच्या हॉलमध्ये, जो कारखान्यातला सगळ्यात नीटनेटका, जिथे हवेतल्या पावडरीचं माप कायम नियमाच्या आत, तिथे तिघांच्या लघवीत रक्त. डोळ्यांना दिसणार नाही इतकं, पण रक्तच. बाईंनी त्या काचा पुन्हा तपासल्या, मग सिस्टरला बघायला लावल्या. तांबड्या पेशी, नाण्यांसारख्या गोल. आणि मध्येच एखादी वेगळी, वेड्यावाकड्या अंगाची पेशी. बाई म्हणाल्या, "मला ही आवडली नाही." सिस्टरला त्या 'आवडली नाही'चा अर्थ कळला. नर्स होती ती, बाहुली नव्हती.

"आमच्या भावाचं काय?" तिनं विचारलं.

"त्यांची स्वच्छ आहे." बाईंनी चष्मा शोधला, डोक्यावरून खाली ओढला. "फारच स्वच्छ आहे. पाण्यासारखी. सिस्टर, या हॉलमध्ये साखरेचे रुग्ण किती?"

"एकच. नळकाका."

"मग माझ्याकडे गोड बाटल्या दोन का आल्या?"

दुसरी कोणाची, हे सिस्टरला सांगावं लागलं नाही. भावाला साखर? या वयात? ती तशीच उठली, हॉलच्या दाराशी जाऊन उभी राहिली, आणि शिफ्ट सुटून खांब बाहेर येताच त्याला बाकावर बसवून बोटाला सुई टोचली. रक्तात साखर अगदी माफक. चांगली बातमी होती, तिनं हसून वर पाहिलं, तर हा भिंतीकडे बघतोय. चोराच्या मनात चांदणं! लहानपणी दुधावरची साय खाऊन असाच भिंतीकडे बघायचा.

"बाटलीत कोणाचं पाणी घातलंस?" तिनं विचारलं.

"ताई, हळू बोल ना."

"ताई नाही, सिस्टर. कोणाचं?"

"नळकाकांकडे भरपूर असतं," खांब म्हणाला. "त्यांनी दिलं थोडं."

दुसरी कोणी असती तर हसून हसून पडली असती. सिस्टरला हसू आलं नाही. स्वतःची द्यायची लाज वाटत होती की भीती, एवढंच तिनं विचारलं, आणि त्यानं सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसत सांगितलं की कधीकधी लाल दिसते. पाणी कमी प्यायलं की जास्त. गेल्या थंडीपासून.

"आणि तू गप्प बसलास?"

"अगं, आम्ही रंगात काम करतो! आमचा घाम पिवळा, उशी हिरवी, शिंकलो तर रुमाल निळा. मला वाटलं रंगच जातोय बाहेर. जातोय ते बरंच की."

आता ही चूक दुसऱ्या कोणी केली असती का, सांगा! शिक्षकानं लाल लघवी पाहिली असती तर धावत डॉक्टर गाठला असता. सुतारानं गाठला असता. रंगाच्या हॉलमधल्या माणसालाच लाल बघून बरं वाटू शकतं. खरं म्हणजे तेही पूर्ण खरं नव्हतं. पूर्ण खात्री असती तर नळकाकांपुढे बाटली कशाला धरली असती?

सिस्टरनं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि त्याच हातानं त्याला जवळ ओढलं.

बाईंनी खांबावर आवाज चढवला नाही. मोठ्या इस्पितळात दुर्बिणीच्या तपासणीसाठी चौघांची नावं पाठवली, ते तिघे आणि हा चौथा. आणि मग त्यांनी एक विचित्र गोष्ट केली. हॉलमध्ये मोठमोठ्या टाक्या सोडून त्या गेल्या नळकाकांकडे. सगळं चढवलं, दोन मोजे, मुखवटा, गमबूट दोन मापं मोठे, आणि दाराजवळ काकांच्या शेजारी अख्खी शिफ्ट उभ्या राहिल्या. ते पाणी प्यायले की बघायच्या, ते निघाले की बघायच्या, ते परत आले की बघायच्या. स्वतः मात्र हलल्या नाहीत. शिफ्ट सुटल्यावर दवाखान्यात आल्या त्या भिंत धरून. चेहरा पांढरा, ओठ कोरडे. सिस्टरनं खुर्ची पुढे केली, तर हात हलवून आधी आतल्या संडासात पळाल्या.

बाहेर आल्यावर घटाघटा पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "सिस्टर, तुमचे लोक रोज हे करतात?"

"रोज."

"मग मला कळलं."

सिस्टरला त्या क्षणी त्या एवढ्याशा बाईचे पाय धरावेसे वाटले. किती डॉक्टर पाहिले तिनं! खुर्चीत बसून हॉलची हवा मोजणारे पाहिले. हॉलमध्ये उभं राहून स्वतःची लघवी दाबून बघणारी ही पहिलीच.

दुसऱ्या दिवशी खांबाला बोलावून बाईंनी त्याला सगळं समजावलं. सिस्टर बँडेजच्या गुंडाळ्या करत ऐकत होती, नंतर गुंडाळ्या राहिल्या बाजूला.

"पावडर आम्ही नाकात जाऊच देत नाही," खांब म्हणाला. आवाजात थोडी घमेंड अजून होती.

"नाकातून नाही जात. हातमोज्याच्या आत हाताला घाम येतो ना, त्यात थोडी उतरते आणि कातडीतून आत जाते. अगदी थोडी."

"थोडीच ना?"

"थोडीच. पण रोज. आणि गंमत अशी की ती पावडर आहे तशी फारसं काही करत नाही. करतं ते आपलं लिव्हर." बाईंचा चेहरा उजळला. घरातल्या कर्तबगार माणसाबद्दल बोलावं तशा त्या लिव्हरबद्दल बोलायला लागल्या. "फार कामसू आहे ते. शरीरात काही परकं आलं की त्याला वाटतं, हे पाण्यात विरघळेल असं करू, म्हणजे लघवीतून जाईल. त्या खटपटीत ते पावडरीला जरा बदलतं, आणि बदललेली पावडर चिकट होते. पेशीला चिकटेल अशी. पण लिव्हर तेवढ्यावर सोडत नाही. तिला बांधून, पुडी करून, लघवीच्या पिशवीकडे धाडतं. जा म्हणतं बाहेर."

"मग चांगलंच की," सिस्टर म्हणाली.

"चांगलंच. पिशवी लवकर रिकामी झाली तर. लघवी आंबट असते, सिस्टर. कमी पाणी प्यायलं तर आणखी घट्ट, आणखी आंबट. त्यात ती पुडी तासन् तास पडून राहिली तर सुटते. आणि सुटलेली पावडर पिशवीच्या आतल्या अस्तराला चिकटते. करायला गेलं एक, झालं भलतंच."

खांबाचे हात गुडघ्यांवर होते ते खाली आले.

"चिकटली तर काय होतं?" त्यानं विचारलं.

"प्रत्येक पेशीत तिनं काय करायचं, किती वाढायचं, कधी थांबायचं, ते लिहिलेलं असतं. पावडर त्या लिहिण्यावर जाऊन बसते. एखादं अक्षर बिघडतं. बहुतेक वेळा पेशी ते शोधून काढते, कापते, पुन्हा नीट लिहिते. तुमच्या अंगात हे आत्ता चाललंय, माझ्याही. रोज, हजारो वेळा, आपल्याला न विचारता. लोकांना वाटतं माणूस आजारी कसा पडतो याचं आश्चर्य करावं. मला तर एवढी वर्षं पडत नाही याचंच आश्चर्य वाटतं." त्या थांबल्या. "पण दुरुस्ती व्हायच्या आधीच पेशीची दुसरी पेशी झाली, तर चूक तशीच उतरते. अशा चुका वर्षानुवर्षं साठल्या, आणि त्यांतली एखादी नेमकी 'थांब' या शब्दावर पडली, की पेशी थांबायचं विसरते. त्याला आपण कॅन्सर म्हणतो."

बाहेर कोणीतरी ढकलगाडी ढकलत गेलं, तिचं चाक कुरकुरत होतं.

"आणि नळकाका?" खांबानं शेवटी विचारलं.

"ते प्यायले आणि गेले, प्यायले आणि गेले. पुडीला सुटायला वेळच दिला नाही. शिवाय सगळ्यांची लिव्हरं एका चालीनं काम करत नाहीत. कोणाचं भराभर, कोणाचं हळू. त्यांचं कदाचित नशीबवान असेल. म्हणून तर एका माणसाला काही झालं नाही, यावरून दुसऱ्याचं काही सांगता येत नाही."

"म्हणजे मी तिथे उभा राहायचो, तेच..." खांब म्हणाला. एवढा आडदांड माणूस, त्यानं तोंड ओंजळीत झाकून घेतलं. सिस्टरला वाटलं, आता मीच रडते.

बाईंनी खुर्ची त्याच्या जवळ ओढली. "ऐका. पहिला दोष पावडरीचा. दुसरा आमच्या खुर्चीचा, जिनं तुम्हाला हे सांगायला हवं होतं. पाणी पिऊन विष धुवत बसायचं, हे काही माणसाचं काम नाही. विषच नको. त्यासाठी भांडायचं ते मी भांडते. तुम्ही फक्त दुर्बिणीला जा."

भांडल्या पण कशा! कारखान्याचे साहेब वाईट गृहस्थ नव्हते, पण कागदावर विश्वास ठेवणारे. ते म्हणाले, "बाई, हवेचं माप नियमात आहे." बाई म्हणाल्या, "साहेब, मापानं हवा पास केली. आता माणसं पास करू या." सूक्ष्मदर्शक उचलून साहेबांच्या टेबलावर आणून ठेवला आणि त्यांना काचा दाखवल्या. साहेबांनी डोळा लावला तो बराच वेळ काढला नाही. शेवटी ठरलं: ती पावडर बंद करून दुसरी आणायची, त्याला काही महिने लागतील, तोवर टाकी झाकून पावडर नळीनं आत सोडायची, आणि हॉलला लागूनच नवा संडास, नवी न्हाणी, पिण्याच्या पाण्याची सोय. सिस्टर दाराबाहेर उभी राहून ऐकत होती. तिला वाटलं, ही बाई मोठी झाल्यावर काय करेल! मग लक्षात आलं, ती मोठीच आहे.

खांबाच्या पिशवीत बोटाच्या पेराएवढी गाठ निघाली. वरवरच होती, मुळं आत गेली नव्हती. दुर्बिणीतूनच काढून टाकली. इस्पितळाच्या डॉक्टरांनी सांगितलं की अगदी वेळेवर आलात, पण या गाठीला पुन्हा यायची खोड असते, म्हणून ठरल्या वेळी येऊन दाखवत राहायचं. रंगाच्या हॉलमध्ये पाऊल टाकायचं नाही. बाकीच्या तिघांपैकी एकाची गाठ निघाली, दोघांची नुसती सूज. भावजयीनं इस्पितळाच्या बोळात सिस्टरच्या खांद्यावर डोकं ठेवून रडून घेतलं, आणि सिस्टरनं आयुष्यात पहिल्यांदा तिला "रड बाई, रड" असं म्हटलं.

इथे संपलं असतं तर बरं झालं असतं.

नवा संडास झाला, चकचकीत. कोणी जाईना! पाण्याचं पिंप भरलेलं तसंच संध्याकाळी रिकामं करायला लागायचं. खांब गोदामात गेला तर त्याच्या टाकीपाशी दुसरा उभा राहिला, तसाच, न हलता. मुकादम म्हणायचे, "चार जणांचं झालं ते झालं. बाकी माझ्या हॉलमध्ये आजारी कोणी नाही." बाई रोज दुपारी हॉलच्या दाराशी जाऊन विचारायच्या, कोणाला लाल दिसते का, कधी दिसली का. सगळे मान हलवायचे. नाही.

"पुन्हा बाटल्या घेऊ या की," सिस्टर म्हणाली.

"घेऊच. पण सिस्टर, रक्त रोज येत नाही. एक दिवस येतं आणि महिना महिना गायब होतं. आपण घेतो त्या दिवशीची बाटली स्वच्छ, आणि आत गाठ वाढतेय. मला बाटलीपेक्षा त्यांची तोंडं उघडायला हवीत." बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. "आणि ती मला नाही उघडत."

का उघडावीत? बोलला तो गेला हॉलमधून, गोदामात गोण्या मोजायला. ज्या हॉलमध्ये उभं राहण्याचा मान, तिथून लघवीच्या कारणानं बाहेर? झाकली मूठ सव्वा लाखाची, असं प्रत्येकानं ठरवलं होतं. घरी बायकोलाही सांगत नसतील.

सिस्टरनं हे जेवताना घरी काढलं. खांब गोदामातून आला होता, समोर बसला होता. त्यानं ऐकून घेत जेवण आटोपलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी भोंग्याच्या आधी तो दवाखान्याच्या दारात उभा. "सिस्टर, मला कपडे बदलायच्या खोलीत नेशील? आत हॉलमध्ये नाही जाणार. फक्त त्या खोलीत."

कपडे बदलायच्या खोलीत सगळे अर्धे डगल्यात, अर्धे बाहेर. खांबाला बघून गलका झाला. "खांब आला! गोदामात उभं राहायला जागा मिळाली का रे?" त्याच्या पाठीवर थापा पडल्या. मुकादम कोपऱ्यात गमबूट चढवत होते, त्यांनी नुसती मान हलवली. मागोमाग आलेल्या बाई दाराशीच थांबल्या. सिस्टरला भीती एकाच गोष्टीची होती: हे लोक त्याला हसतील, आणि तो कोसळेल, आणि मग पुन्हा कोणीच कधी बोलणार नाही.

"मला एक सांगायचंय," खांब म्हणाला. "बाईंनी बाटल्या घेतल्या ना, माझ्या बाटलीत माझी नव्हती. नळकाकांची होती."

खोली फुटली. हसू म्हणजे काय, लोकांनी कपाटं धरली. नळकाका लाजून चूर झाले. "मागितली म्हणून दिली रे," ते म्हणाले, "पाण्याला कोणी नाही म्हणतं का!" आणखी हशा. खांबही हसला. सिस्टरला वाटलं, धावत जाऊन त्याला बाहेर ओढावं.

हशा ओसरेपर्यंत तो थांबला. मग म्हणाला, "मी घाबरलो म्हणून मागितली. मला थंडीपासून लाल दिसत होती. कोणालाच सांगितलं नाही, घरीही नाही. तुमच्यासमोर उभा होतो सगळा वेळ, आणि आत गाठ वाढत होती. मला कोणी खांब म्हटलं की बरं वाटायचं, म्हणून उभा होतो." त्यानं नाक ओढलं. रडायला आलं होतं, पण त्यानं ते लपवलं नाही. "दुर्बीण घालतात तेव्हा दुखतं. लाजही वाटते. पण काढली त्यांनी. मी जगलो. ही बाई नसती तर नसतो. आता मी एकच विचारतो, आणि खोटं कोणी बोलू नका, मी पण रंगातलाच आहे. कोणाकोणाला लाल दिसली आहे? एकदा दिसली असेल तरी."

बाईंच्या तोंडात शब्द आलेला सिस्टरला दिसला, आणि तो त्यांनी गिळलेलाही दिसला.

मग मागच्या बाजूला एक हात वर आला. पोरगेलासा होता, बटणं लावता लावता थांबलेला. त्याच्याकडे कोणी बघितलंही नाही, सगळे जमिनीकडे बघत होते. मग दुसरा हात, मोजा चढवलेला. तिसरा अर्धाच वर आला, खांद्यापर्यंत. त्याच्या शेजारच्यानं त्याच्याकडे पाहिलं आणि आपलाही वर केला. बाटल्यांमध्ये तिघेच सापडले होते, आणि यांतला एकही त्यांच्यातला नव्हता.

खांब त्यांच्यामध्ये उभा होता. सिस्टरनं त्याला वर्षानुवर्षं टाकीपाशी उभा पाहिला होता आणि त्याचं कौतुक लोकांना सांगत फिरली होती. पण तिला खरा अभिमान आज वाटला, आणि तो कोणाला सांगायची गरज वाटली नाही.

"एवढेच?" खांबानं विचारलं.

कोपऱ्यात गमबुटांचा आवाज झाला. मुकादम उठून उभे राहिले होते. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या, आणि जे हात वर होते ते एकदम खाली यायला लागले. मुकादमांनी ते पाहिलं. त्यांनी एका हाताचा मोजा काढला, मग आतला काढला, आणि तो उघडा हात वर केला, पूर्ण, डोक्याच्याही वर.

"खाली घेऊ नका रे," ते म्हणाले. "बाई, माझं दोन वर्षांपासून आहे."